ब्रेकवरचा पाय

१

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात रतनबाईचा दिवस जीपच्या आवाजावर चालत होता. डोंगरावरून जीप उतरायला लागली की तिनं हाळाचा, म्हणजे जनावरांच्या पाण्याच्या हौदाचा, बोळा बघायचा, पाइप सरळ करायचा आणि पुढच्या रांगेतल्या जनावरांची दावी सोडायला सांगायचं. गावच्या दूध संस्थेनं बंद पडलेल्या सहकारी जिनिंगच्या आवारात छावणी घातली होती. दोनशे दहा जनावरं, आणि पाणी काय ते डोंगरावरच्या एका विहिरीत. सरकारी टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही अर्धा. रतनबाईचा मालक मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदेच्या काठाला गेलेला. ती चार म्हशींसोबत छावणीतच राहायची आणि संस्थेच्या रोजावर पाण्याचं काम बघायची.

संस्थेची जीप साखर कारखान्यानं मोडीत काढलेली. दारं दोरीनं बांधलेली, पत्र्याला भोकं. पण तिची चारही चाकं ओढायची, म्हणून ती दगडाची वाट चढायची. मागं ट्रॉलीवर हजार लिटरची काळी टाकी. राधाकिशन रोज आठ खेपा करायचा. सकाळी तो ट्रॉली जोडेपर्यंत रतनबाई बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी घालायची आणि ब्रेकच्या तेलाचा कप बघायची. त्यानंच शिकवलं होतं, "आक्का, तेल या रेघेच्या खाली गेलं की बाटलीतलं घालायचं."

एका सकाळी तेल रेघेच्या खाली होतं आणि बाटली रिकामी होती. नवी बाटली मांजरसुंब्याला मिळणार, म्हणजे एक खेप बुडणार. एक खेप म्हणजे पंचवीस जनावरांचं पाणी. रतनबाईच्या चुलीपाशी करडईच्या तेलाची बुधली होती. रंग तसाच, पिवळसर. तिनं दोन पळ्या कपात ओतल्या, पदरानं कड पुसली आणि हाक दिली, "भरलंय."

तेल ते तेल, असं तिला मनापासून वाटलं होतं.

दहाव्या दिवशी भरली टाकी घेऊन उतरताना ब्रेकचं पेडल फळीपर्यंत गेलं आणि जीप थांबली नाही. खाली जनावरं आणि माणसं. राधाकिशननं ती मुरमाच्या ढिगात घातली. त्याच्या कपाळाला चार टाके पडले, टाकी उलटली. पाण्याच्या वासानं बैलांनी दावी तोडली आणि ओली माती चाटली.

"परत प्यायला लागला वाटतं," संस्थेचे चेअरमन सुंदरराव सगळ्यांसमोर म्हणाले. राधाकिशनला दारू सोडून चार वर्षं झाली होती. तो उठला. किल्ली ठेवली आणि घरी गेला.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना रतनबाईनं बुधली उचलून पोत्यामागं सरकवली.

२

तीन दिवस जनावरं टँकरच्या पाण्यावर काढली. चौथ्या दिवशी मांजरसुंब्याहून त्रिंबक मिस्त्री मोटारसायकलवर आला. सीटला नवा पंप बांधलेला. पायानं पेडल दाबलं की चाकांपर्यंत तेल ढकलतो तो हा पंप. एवढासा, हातात मावणारा. भरलेली टाकी, जीप आणि आतला माणूस, सगळं त्याच्या भरवशावर उतरायचं.

जीप जिनिंगच्या जुन्या गोदामात ढकलून ठेवली होती. लांबच लांब पत्र्याचं गोदाम. वर छताजवळ खिडक्या, त्यांच्यातून उन्हाचे चार तुकडे खाली पडलेले. कापूस जाऊन वर्षं झाली, तरी भिंतींना सरकीचा वास होता. उन्हानं तापून पत्रा अधूनमधून टक टक वाजायचा.

"जीप म्हनावं का हिला?" मिस्त्रीनं चहूबाजूंनी फिरून विचारलं. "हिच्यापरीस माझी आजी बरी. ती निदान हाक मारली की थांबायची."

रतनबाई हसली. पाणी आणून दे, पाना दे, एवढ्यासाठी तिला थांबवलं होतं. काही माणसं टँकर आणायला बीडच्या रस्त्याला उभी होती आणि उरलेली ट्रॉल्यांच्या सावलीत झोपली होती.

मिस्त्रीनं जुना पंप सोडवला आणि आतलं रबर काढून तळव्यावर ठेवलं.

"हे बघा. पुरीवानी फुगलंय. असं आपोआप फुगत न्हाई. कपात कुनी काय घातलं व्हतं का?"

"न्हाई बा," रतनबाई म्हणाली. "मला काय ठावं."

"मग राधाकिशननंच घातलं असंल काय तरी. पिनाऱ्याचं काय सांगावं."

रतनबाईनं पाना उचलून त्याच्या हातात दिला. चमचाभर गोड्या तेलानं लोखंड मरतं होय, असं तिनं स्वतःला समजावलं. आज जीप चालू होईल, जनावरं पाणी पितील, राधाकिशनला लोक आठवड्यात परत बोलावतील. दुसरा कोण आहे त्या वाटेला?

३

नवा पंप बसला. आता लायनीतली हवा काढायची होती. हे काम एकट्याचं नाही. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची. स्क्रू उघडा असताना पेडल सुटलं तर सगळी हवा परत आत जाते.

"बाई, तुमीच बसा," मिस्त्री म्हणाला. "मी म्हनलं 'दाबा', की चार-पाच डाव दाबायचं. मग दाबून ठेवायचं आन् वरडायचं, 'धरलंय'. मी 'सोडा' म्हनल्याबिगर पाय काढायचा न्हाई. काय झालं तरी."

रतनबाई चप्पल काढून सीटवर बसली. पेडल गार होतं. एवढ्या उकाड्यात गार कसं, असं तिला वाटून गेलं. पण जीप सावलीत होती, लोखंड असतंच गार.

मिस्त्री मागच्या डाव्या चाकाखाली आडवा झाला. सीटवरून त्याचे नुसते पाय दिसत होते.

"दाबा."

तिनं दाबलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या वेळी पाय रोवला आणि ओरडायला तोंड उघडलं.

"धरलंय."

आवाज झाला होता, पण तिनं अजून काढला नव्हता.

मागं स्क्रू कुरकुरला, तेल बाटलीत फसफसलं. "सोडा," मिस्त्री म्हणाला. तिनं पाय काढला.

पत्र्याचं गोदाम आहे, घुमतं, तिनं विचार केला. पण घुमलेला आवाज मागून येतो, आधी येत नाही. आपणच बोललो असू. उन्हानं डोकं हलकं झालंय. सकाळपासून पोटात भाकरीचा तुकडा नाही.

"दाबा."

या वेळी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि पाय रोवला.

"धरलंय," सीटवरून उत्तर गेलं. शांत, ओळखीच्या आवाजात. तिच्याच आवाजात. तिचे ओठ मिटलेलेच होते.

४

तिसऱ्या चाकाला तिनं आवाजाकडं लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. पायाकडं बघायचं. पाय आपला आहे, तो तर खोटं बोलणार नाही.

"दाबा."

पाय पेडलवर टेकला होता. तिनं जोर द्यायच्या आधीच पेडल खाली गेलं. बोटभर अंतर ठेवून तिच्या तळव्याच्या पुढं पुढं. वर आलं, तिच्या पायाला भेटलं, परत आपणहून खाली गेलं. विहिरीच्या दोरीला आपल्याबरोबर दुसरं कुणी हात लावला की ओझं हलकं होतं, तसं हलकं.

"बाई, चांगलं दाबताय," खालून मिस्त्री म्हणाला. "लई जनांला सांगून डोकं फुटतं. तुमाला सवय हाय जनू."

"मिस्त्री, पेडल लई हलकं लागतंय."

"नवं हाय की. या जीपला कधी नवं लागलंच न्हाई, म्हनून तुमाला हलकं वाटतंय."

आणखी एकदा हवा सोडून झाली. पेडल तसंच, तिच्या आधी. मिस्त्रीनं थोडं थांबायला सांगितलं. स्क्रूचा आटा गेला होता, तो काढून दुसरा बसवायचा होता. रतनबाईचा घसा कोरडा पडला होता. ती खाली उतरली. माठ दाराजवळ, जीपपासून दहा पावलांवर होता. चालताना तिच्या पाठीवर कुणाची नजर नव्हती. उलट सीटवर बसलेलं माणूस आपल्याकडं मुद्दामच बघत नाही, असं वाटत होतं. ओसरीवर रुसून बसलेली बाई बघत नाही, तसं.

तिनं पेला बुडवला.

"हां, बसला," मिस्त्री चाकाखालून म्हणाला. "दाबा."

रतनबाई माठापाशी उभी होती. ती सांगणारच होती, थांबा, मी हितं हाय. तेवढ्यात पेडलचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार.

"धरलंय."

५

तिनं वळून बघितलं.

जीपचं त्या बाजूचं दोरीचं दार सोडून ठेवलं होतं. खिडकीतला उन्हाचा एक तुकडा सरकत सरकत सीटखाली येऊन पडला होता. तेवढंच दिसलं, गुडघ्यापासून खालचं. निळ्या लुगड्याचा काठ, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचं ठिगळ. ते तिनंच मागच्या महिन्यात घातलं होतं आणि ते आत्ताही तिच्या अंगावर, तिच्या घोट्यापाशी होतं. काठाखाली एक पाय. टाचेला भेगा, बोटात जोडवं. पेडल फळीपर्यंत दाबून धरलेलं. वरचं काही दिसत नव्हतं, सावलीच होती.

पेला तिच्या हातातून सुटला नाही. पळावं असंही वाटलं नाही. ती त्या पायाकडं बघत राहिली, कारण तो थरथरत होता. पावलाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. अंगठा पांढरा पडला होता. पाच मिनिटांत माणसाची अशी दशा होत नाही. तो पाय पाच मिनिटांचा नव्हता, चार दिवसांचा होता.

"सोडा," मिस्त्री म्हणाला.

पाय हलला नाही.

"बाई, सोडा. सोडा आता." मिस्त्री कुरकुरत चाकाखालून सरपटत बाहेर आला, उठला, आणि त्याला रतनबाई माठापाशी दिसली. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग सीटकडं. सीट रिकामी होती. उन्हाचा तुकडा फळीवर तसाच पडला होता. पेडल मात्र खालीच होतं.

"तुमी कवा उतरला?"

"मघाच."

"आन् मग आत्ता 'धरलंय' कोन म्हनलं?"

तिनं पेला माठावर ठेवला. मिस्त्रीनं डोकं खाजवलं, वाकला, पेडल दोन्ही हातांनी वर ओढलं. पेडल तसूभर हललं नाही. त्यानं पाठीवरचा घाम पुसला. "पिस्टन अडकला. नव्यात कसा अडकंल? आता दुसरा पंप बीडला बघावा लागंल, न्हाई मिळाला तर औरंगाबादला. परवापतूर काय जीप हलत न्हाई."

बाहेर एका म्हशीनं हंबरडा फोडला. तिला दुसरीनं साथ दिली नाही, दुसरीच्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

रतनबाईला त्या पायाची भीती वाटत नव्हती. तिला त्याची कीव येत होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "कपात मी करडईचं तेल घातलं व्हतं. दोन पळ्या. राधाकिशनला ठाव न्हाई. मघाशी तुमाला मी खोटं बोलले."

गोदामात कुणी तरी लांब श्वास सोडावा तसा आवाज आला आणि पेडल हळूहळू, आपणहून वर आलं.

मिस्त्रीनं वाकून पेडल हातानं दाबून बघितलं. मग त्याचं लक्ष तिच्या बोलण्याकडं वळलं, तसं तो मटकन टायरवर बसला.

"गोडं तेल? आगं माय माझे. ब्रेकच्या तेलाबिगर दुसरं कायबी घातलं की रबर फुगतं. नुसतं पंपाचं न्हाई, चारी चाकांचं, पाइपांचं. जुनं तेल लायनीतनं मागं येऊन नव्या पंपात घुसलं बघा. मी हे असंच जोडून दिलं असतं तर…" त्यानं वाक्य सोडून दिलं. बाहेर डोंगराकडं बघितलं. "आठ दिवस. लई झालं तर धा. भरल्या टाकीनिशी."

"आता व्हईल का नीट?"

"आता व्हईल," मिस्त्री म्हणाला. "आता काय झालंय ते ठाव झालं न्हवं."

६

मिस्त्री चाकांच्या ब्रेकची रबरं, दोन पाइप आणि तेलाच्या बाटल्या आणायला मांजरसुंब्याला गेला. जाताना म्हणाला, "नीट तर करतो. पन उतारावर भरली टाकी घेऊन मी बसनार न्हाई. ती वाट राधाकिशनची. त्याला आना."

रतनबाई डोक्यावर पदर घेऊन गावात निघाली. राधाकिशन ओट्यावर बसून दोर वळत होता, कपाळाला पट्टी. दारात त्याची बायको गीताबाई गहू निवडत होती.

"या," गीताबाई म्हणाली. "चार दिस झाले, छावनीचं एक मानूस आलं न्हाई. आता पानी संपलं, तवा वाट सापडली व्हय?"

रतनबाई उभ्या उभ्याच बोलली. तेल, बुधली, पोतं, मिस्त्रीला सांगितलेलं खोटं. पायाचं तेवढं सांगितलं नाही. गीताबाईच्या सुपातले गहू थांबले.

राधाकिशन दोराकडं बघत होता. "घरात हिनंबी माझं तोंड हुंगलं, आक्का," तो हळू म्हणाला. "त्या रात्री. झोपलोय असं समजून."

गीताबाईनं मान खाली घातली.

"माझं चुकलं," रतनबाई म्हणाली.

"करडई तर करडई. पन बोलायला चार दिस?"

"भ्याले मी."

त्यानं दोर बाजूला ठेवला. "हे चेअरमनपुढं बोलाल? त्यांनी मला जितं म्हनलं, तितंच. सगळ्यांसमोर."

"बोलते. चला."

आणि ती बोलली. छावणीतल्या लिंबाखाली सुंदरराव खुर्चीवर बसले होते, भोवती पंधरा-वीस माणसं. सांगून झाल्यावर कुणी तरी मागून हसलं, "जीपला फोडनी दिली की बे," आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. सुंदररावांचा चेहरा उतरला. "तुमाला कामावर ठेवायचं का न्हाई, ते बघावं लागंल," ते म्हणाले.

"ते उद्या बघा," राधाकिशन म्हणाला. "माझं आज बघा. चार दिसांमागं काय म्हनला व्हता तुमी?"

सुंदररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चुकीचं म्हनलो," ते म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढं धरली.

७

पाच वाजता जीप गोदामाबाहेर आली. मिस्त्रीनं चारी चाकांची रबरं बदलली होती, लाइन दोनदा धुतली होती. हवा काढायला परत रतनबाईच बसली. या वेळी पेडल तिच्या पायाची वाट बघत थांबलं आणि जड लागलं. "धरलंय" तिनं स्वतः म्हटलं, आणि तिच्याआधी कुणी बोललं नाही.

"मी येते उतरताना," ती राधाकिशनला म्हणाली.

"कावून?"

"मी केलंय. ते नीट झालं का, मला बसून बघायचंय."

त्यानं बाजूची सीट हातानं झटकली. वर विहिरीवर टाकी भरली. परतताना उन्हं कलली होती. उताराच्या तोंडाशी राधाकिशननं जीप थांबवली, पेडल दोनदा दाबून बघितलं आणि खाली सोडली. दगडांवरून चाकं उतरू लागली. मागं टाकीत पाणी डचमळत होतं. पहिलं वळण. ब्रेक लागला. दुसरं वळण, जिथं पेडल फळीला टेकलं होतं. त्याच्या मानेवर घाम आला होता. ब्रेक लागला, जीप मुंगीसारखी सावकाश वळली.

तिथून पुढं तो आरशात बघायला लागला. एकदा, दोनदा.

"मागच्या बाकावर काय ठेवलंय का तुमी?" त्यानं विचारलं.

"न्हाई. कावून?"

"जीप मागं दबल्यागत वाटती. कुनी बसल्यागत."

रतनबाईनं पुढची दांडी धरली. तिनं मागं बघितलं नाही. पुढच्या काचेतून खाली छावणी दिसत होती. जीपचा आवाज ऐकून सावलीसाठी ताणलेल्या नेटखाली एकेक मान वर होत होती.

"उतरवू का त्याला?" राधाकिशन म्हणाला, आणि स्वतःच थोडा हसला.

"बसू द्या."

"बसू द्या," तोही म्हणाला. "उताराला मागं वजन असलं की चाकं चांगली धरत्यात."

जीप हाळापाशी येऊन थांबली. माणसं धावत आली. मिस्त्री तंबाखू मळत लांबूनच हात वर करत होता. त्या गलक्यात कुणी पायरीवरून खाली उतरावं, तशी जीप मागून जराशी उचलली गेली. राधाकिशननं रतनबाईकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. पण म्हशी उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि बोलत बसायला वेळ नव्हता. ती खाली उतरली, पदर खोचला आणि टाकीचा पाइप ओढून हाळात सोडला.